कॉन्सुलसाहेबांचा फेटा

संपादकांनी फोनवर सांगितलं, "घाडीबाई, काहीतरी प्रेरणादायी लिहा. आपत्ती, माणुसकी, सीमेपलीकडची मैत्री, असं." मी म्हटलं, प्रेरणादायी हवं असेल तर आमच्या संचालकांकडून घ्या, त्यांच्याकडे भाषण तयार आहे, स्लाइडसकट. मी लिहिलं तर ते शिव्या घातल्यासारखं होईल. ते म्हणाले, "चालेल, फक्त प्रत्यक्ष शिव्या नकोत." तेवढी अट पाळून हे लिहिते आहे.

मी नोकरी काय करत होते हे मुलुंडच्या आमच्या सोसायटीत शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही. कोणी म्हणायचं पासपोर्टचं काम बघते, कोणी म्हणायचं अनाथाश्रमात असते. मीही कधी खुलासा केला नाही, कारण खरं सांगितलं तर लोक दुसरं वाक्य ऐकायला थांबत नाहीत. भूकंप, वादळ, पूर असं काही दुसऱ्या देशात झालं की तिथे मदत पोचवणाऱ्या एका संस्थेत मी होते. आमचं ऑफिस साकीनाक्याला, एका पावडर कोटिंगच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर. टेबलावर बोट फिरवलं की त्या दिवशी खाली कुठल्या रंगाचं काम चालू आहे ते समजायचं. कार्डावर माझा हुद्दा 'लायझन ऑफिसर' असा छापला होता. ऑफिसात मला सरळ परवानगीवाली म्हणायचे.

लोकांना वाटतं, भूकंप झाला, विमान भरलं, सोडलं, लोकांनी रडत रडत स्वीकारलं. असं काही नसतं हो. दुसऱ्याच्या देशात एक बिस्किटाचा पुडा न्यायचा तरी त्या देशाने हो म्हणावं लागतं, आणि संकटात सापडलेला देश हो म्हणायला तयार नसतो. त्यांनी मदत मागितली असं दिसता कामा नये. आपणही, त्यांनी मागितल्याशिवाय, देतो म्हणता कामा नये. रुसलेल्या जावयाला जेवायला बसवायचं असतं तसं हे काम आहे. पान वाढायचं, पाणी ठेवायचं, पण भूक लागलीय का असं विचारायचं नाही. मोठे लोक याला राजनयिक प्रयत्न म्हणतात. प्रत्यक्षात ते म्हणजे एक बाई पिशवीत चार पत्रं घेऊन वांद्रे ते सहार विमानतळ अशा फेऱ्या मारते आणि प्रत्येक टेबलावर थंड झालेला चहा पिते.

देणाऱ्यांची तऱ्हा वेगळी. एकदा वादळाने झोडपलेल्या एका बेटासाठी बोरिवलीच्या एका सोसायटीने पोती भरभरून स्वेटर दिले. त्या बेटावर बारा महिने घाम येतो. मी तसं सांगितलं तर त्यांच्या सेक्रेटरी बाई म्हणाल्या, "पण धुऊन इस्त्री केलेत ना." गोरेगावच्या एका निर्मात्याने तंबू पाठवले. मला आनंद झाला, तंबू नेहमीच कमी पडतात. उघडून बघितले तर सगळे शूटिंगचे, पुढून झकास आणि मागच्या बाजूला कापडच नाही. आमच्या संचालकांनी त्यालाही आभारपत्र पाठवायला लावलं. ते मीच लिहिलं, कारण खोटं सभ्य भाषेत लिहायला ऑफिसात मला चांगलं यायचं.

आता ज्याच्यासाठी बसले ते लिहिते. देशाचं नाव लिहीत नाही. त्यांची इथली कचेरी अजून चालू आहे आणि तिथल्या शिपायाशी माझी अजून ओळख आहे.

तिथल्या डोंगराळ जिल्ह्यात भूकंप झाला. भर सकाळी, शाळा भरलेल्या असताना. त्यांच्या सरकारने दुपारी जाहीर केलं की आमची यंत्रणा समर्थ आहे, बाहेरच्या कोणाची गरज नाही. निवडणूक तोंडावर होती, दुसरं ते काय बोलणार. दुसऱ्या दिवशी त्यांच्या टीव्हीवर एकच दृश्य दिवसभर फिरत होतं. ढिगाऱ्याखालून एका शाळेतल्या बाईंना जिवंत काढलं, लोक टाळ्या वाजवतायत, आणि आरोग्यमंत्री धुळीतून वाट काढत येऊन त्यांचा हात हातात घेतायत. आपल्या चॅनलांनीही ते दाखवलं. आमच्या शेजारच्या काकूंनी मला मुद्दाम बोलावून दाखवलं आणि डोळे पुसले.

तिसऱ्या दिवशी सकाळी शिर्केचा फोन आला. शिर्के हा घाटकोपरच्या एका डायलिसिस सेंटरमधला तंत्रज्ञ. आधी तो मोठ्या हॉस्पिटलात होता, तेव्हा त्या देशातला एक तरुण डॉक्टर किडनीचं शिकायला तीन वर्षं मुंबईत होता. शिर्केची आणि त्याची दोस्ती टिकलेली. तो डॉक्टर आता त्याच डोंगराळ जिल्ह्याच्या हॉस्पिटलात होता आणि त्याने शिर्केला गाठलं होतं. शिर्के आमच्या मालवणकडचाच, माझ्याशी गावच्या भाषेत बोलतो. म्हणाला, "मॅडम, माणूस ढिगाऱ्याखालसून भायर इलो की सगळ्यांका वाटता, वाचलो. खरो खेळ थयसून सुरू होता."

मग त्याने समजावलं ते असं. तासन् तास हातपाय दगडाखाली चेपलेले असले की आतले स्नायू मरतात. दगड उचलला की त्या मेलेल्या स्नायूंचं विष रक्तात सुटतं आणि किडनी बंद पडते. माणूस बोलत असतो, पाणी मागत असतो, घरच्यांना ओळखत असतो, आणि चार-सहा दिवसांत जातो. डायलिसिस मिळालं तर दोन-तीन आठवड्यांत किडनी बहुतेक वेळा आपली आपण सुरू होते आणि माणूस चालत घरी जातो. मधले दिवस निभावून न्यायला मशीन हवं, एवढाच प्रश्न.

शिर्केने डॉक्टरला फोनवर जोडून दिलं. डॉक्टर मराठी आमच्या नर्सेसकडून शिकला होता, त्यामुळे सगळ्यांना अगं-तुगं करायचा आणि मला शेवटपर्यंत सिस्टर म्हणाला. "सिस्टर, माझ्याकडे अकरा पेशंट आहेत. मशीन एकच होतं, त्याच्यावर भिंत पडली. रस्ता गेला. हेलिकॉप्टर मंत्री लोकांना आहे. तू मला मशीन दे."

"किती हवीत?"

"चार दे. चार मशीनवर अकरा माणसं मी फिरवीन. दिवसरात्र चालवीन. त्या टीव्हीवरच्या टीचर पण इथेच आहेत. दोन्ही पाय सुजलेत. मला विचारतात, शाळा कधी सुरू होणार."

मी म्हटलं, बघते. आमच्या धंद्यात 'बघते' म्हणजे काहीच नसतं हे त्याला कुठून माहीत. तो म्हणाला, "थँक्यू सिस्टर," आणि ठेवला.

आमचे संचालक त्या वेळी मानवतावादी राजनय या विषयावरच्या परिषदेच्या तयारीत होते. त्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "माधवी, ही फार मोलाची केस आहे. आधी एक संकल्पना टिपण कर." मी म्हटलं, सर, अकरा माणसं आहेत. ते म्हणाले, "म्हणूनच म्हणतो, दोन पानांत बसव." मी टिपण केलं नाही. पिशवी उचलली आणि वांद्र्याला गेले.

त्या देशाचे मुंबईतले कॉन्सुल पन्नाशीचे, अतिशय नम्र गृहस्थ. मी बसायच्या आत त्यांनी सरकारचं निवेदन मला वाचून दाखवलं, आमची यंत्रणा समर्थ आहे वगैरे. मी मान डोलावली. चहा आला, प्यायलो. मग त्यांनी उठून दार लावलं आणि म्हणाले, "तो जिल्हा माझ्या बायकोचा आहे." त्यानंतरचं बोलणं सरळ झालं. मदत म्हणून मशीन आत येणार नाही. पण घाटकोपरच्या सेंटरने तिकडच्या हॉस्पिटलला, शिर्के आणि डॉक्टरच्या जुन्या ओळखीवर, महिनाभर मशीन उसनं दिलं तर त्याला मंत्रिमंडळात कशाला विचारायचं? आपण शेजारी विरजण मागायला जातो, तेव्हा कुठे सरकारची परवानगी घेतो. तसं पत्र त्यांच्या अधिकारात होतं. "पण मॅडम," ते म्हणाले, "गाजावाजा नाही, बातमी नाही, फोटो तर नाहीच. राजधानीत कळलं की मी कुठेच नाही, आणि तुमची मशिनंही नाहीत." मी शब्द दिला.

राहिली मशिनं. शिर्केच्या सेंटरमध्ये दहा होती. सेंटर एका ट्रस्टचं आणि ट्रस्ट भाऊंचा. हे भाऊ कोण ते तुमच्या वॉर्डात बघा, तुमच्याकडेही एक असेल. पांढरा शर्ट, सोन्याचं कडं, दर सणाला शुभेच्छुक, आणि पुढच्या निवडणुकीत तिकीट मिळणार अशी गेल्या तीन निवडणुकांपासूनची बातमी. भाऊंनी मला ताई म्हणून बसवलं, सगळं ऐकलं आणि एका मिनिटात म्हणाले, "घेऊन जा. एक काय, चार घेऊन जा." शिर्केलाही बरोबर पाठवतो म्हणाले, पाणी शुद्ध करायचं छोटं युनिटही देतो म्हणाले. मी चाट पडले. एवढ्या सहज हो म्हणणारा माणूस मला बऱ्याच वर्षांत भेटला नव्हता.

मी दारापर्यंत पोचले तेव्हा ते म्हणाले, "फक्त एक छोटासा कार्यक्रम करू ताई. साहेबांचा सत्कार."

मी परत येऊन बसले. समजावलं की हे गुपचूप करायचं आहे. भाऊ शांतपणे म्हणाले, "गुपचूपच करू. आपल्या हॉलमध्ये, आपली वीस-पंचवीस माणसं. शाल, श्रीफळ, पाच मिनिटं. साहेब पाहुणे आहेत, हात हलवत कसे पाठवायचे? आणि ताई, बाकीच्या ट्रस्टींना पण वाटलं पाहिजे ना. नाहीतर मग रीतसर मीटिंग लावावी लागेल. पुढच्या आठवड्यात बघू."

अर्थ मला कळला. पुढच्या आठवड्यात ती अकरा माणसं नसणार हे मला माहीत होतं, आणि सत्कार केल्याशिवाय मशिनं निघणार नाहीत हे त्यांना. मी म्हटलं, फोटो नाही. ते म्हणाले, "ताई, शब्द."

कॉन्सुलसाहेबांना तयार करायला मला अर्धा तास लागला. त्यांना सत्कार म्हणजे काय ते नीट समजलं नव्हतं, मी ते नीट समजावलंही नाही. इथली साधी रीत आहे म्हटलं. चौथ्या दिवशी दुपारी त्यांनी सही केलेलं पत्र माझ्या हातात दिलं आणि आम्ही त्यांच्या गाडीतून घाटकोपरला गेलो. खाली टेम्पोत मशिनं चढत होती, वर हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. माणसं वीस-पंचवीसच होती, भाऊंनी तेवढा शब्द पाळला. मी दाराशी एक टोपली ठेवून सगळ्यांचे मोबाइल त्यात जमा करून घेतले. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं.

शाल झाली, श्रीफळ झालं. मग एकाने फेटा आणला. हे ठरलं नव्हतं, पण फेटा आल्यावर नको कोण म्हणणार? साहेब भांबावून उभे, आणि भगवा फेटा त्यांच्या डोक्याभोवती फिरतोय. खरं सांगायचं तर त्यांना तो छान दिसत होता. तेवढ्यात खांबामागून भाऊंचा नेहमीचा फोटोग्राफर पुढे आला. टोपलीत मोबाइल होते, कॅमेरा नव्हता. आणि मी काय केलं ते लिहिते. मी हात आडवा घातला नाही. पंचवीस-तीस वर्षं मी असे सत्कार पार पाडत आले होते. देणगीदार, राजदूत, सचिव, सगळे. सत्कार म्हटलं की पाहुण्याच्या खांद्यावरून घसरलेली शाल सारखी करायची आणि त्याला कॅमेऱ्याकडे वळवायचं, हे माझ्या अंगवळणी पडलेलं. मी साहेबांची शाल सारखी केली आणि म्हणाले, "साहेब, जरा इकडे बघा."

त्यांनी बघितलं. क्लिक झालं. फोटोग्राफर म्हणाला, "अल्बमसाठी आहे मॅडम, ट्रस्टच्या." मी त्यावर विश्वास ठेवला, म्हणजे ठेवायचं ठरवलं.

पाचव्या दिवशी सकाळी मी घाटकोपरच्या सिग्नलला रिक्षात बसले होते आणि समोर बॅनर. कॉन्सुलसाहेब फेट्यात, थेट माझ्याकडे बघतायत, हातात नारळ. भाऊ त्यांच्यापेक्षा दुप्पट आकाराचे. वर लिहिलेलं, 'भूकंपग्रस्त मित्रराष्ट्राला भाऊंचा मदतीचा हात'. खाली त्या शाळेतल्या बाईंचा ढिगाऱ्यातला फोटो, टीव्हीवरून उचललेला. रिक्षावाला म्हणाला, "कोणी नवीन नेता आहे का, मॅडम?"

तोच फोटो रात्रीतून भाऊंच्या सगळ्या ग्रुपांवर गेला होता. त्या देशाची बरीच मुलं मुंबईत शिकतात. त्यांच्यातल्या कोणीतरी तो घरी पाठवला आणि सकाळपर्यंत तिथल्या विरोधी पक्षाच्या हातात होता. सरकार म्हणतं गरज नाही आणि यांचा माणूस मुंबईत पगडी घालून नारळ घेतोय. त्यांच्या दृष्टीने तो नारळ म्हणजे भीकच. दहाच्या आत कॉन्सुलचं पत्र रद्द झालं. मशिनं सहारच्या कार्गो शेडमध्ये अडकली. ती परत आणायलाही परवानगी लागणार होती, ती पण माझ्याच विभागात.

मी भाऊंकडे गेले. म्हटलं, बॅनर काढा. ते खरोखर बुचकळ्यात पडले. "ताई, चांगलं काम केलं तर लोकांना कळायला नको?"

"भाऊ, तिकडे लोक मरतायत."

"म्हणून तर लावला ना."

या माणसाशी भांडून काय करायचं? शिर्केने दुपारी स्वतः शिडी लावून सुरीने बॅनर फाडला. सगळ्यात जास्त संताप त्याचाच झाला होता. चार मशिनं गेल्यामुळे सेंटरचे नेहमीचे पेशंट त्याने भांडुपला पाठवले होते, आठवड्याला तीन वेळा सुया टोचून घेणारी म्हातारी माणसं रिक्षा बदलत तिकडे जात होती. "हयल्यांका नाय, थयल्यांका नाय," तो म्हणाला, "शेडमधल्या उंदरांका डायलिसिस करूया काय मॅडम?"

कॉन्सुलसाहेबांनी मला आत बोलावलं, पण बसा म्हणाले नाहीत. बोलले हळूच. "मॅडम, त्या हॉलमध्ये मी कोणालाच ओळखत नव्हतो. मी फक्त तुमच्याकडे बघत होतो. तुम्ही म्हणालात, इकडे बघा." माफी मागायची सवय मला कागदावर होती, तोंडी नव्हती.

रोज सकाळी नऊला डॉक्टरचा फोन यायचा. तो कधी ओरडला नाही. पाचव्या दिवशी म्हणाला, "नऊ आहेत." सहाव्या दिवशी म्हणाला, एक मुलगा बरा झाला, त्याला आपोआप लघवी झाली, सगळ्या वॉर्डने टाळ्या वाजवल्या. मग म्हणाला, "आता सात." मी विचारलं, नऊमधून एक बरा झाला तर आठ ना? तो म्हणाला, "सात, सिस्टर." त्यानंतर मी असले हिशोब त्याला विचारले नाहीत.

या दिवसांत आमच्या संचालकांनी काय केलं तेही सांगायला हवं, नाहीतर अन्याय होईल. त्यांनी सहा संस्थांची ऑनलाइन बैठक बोलावली. सगळ्यांनी मिळून एक निवेदन काढायचं ठरलं. चिंता व्यक्त करावी की तीव्र चिंता व्यक्त करावी यावर पावणेदोन तास गेले. तीव्र चिंतेने तिकडचं सरकार दुखावेल असं तिघांचं मत पडलं. मग मध्यममार्ग म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा बैठक घ्यायची ठरली. मी कॅमेरा बंद करून भेंडी चिरत बसले होते, कारण घरून काम होतं आणि त्या बैठकीतून तेवढंच हाती लागणार होतं.

भेंडी चिरतानाच मला ते सुचलं, आणि सुचल्याचा राग आला, कारण ते पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं. आमच्याकडे भाऊ होता. त्यांच्याकडेही असणारच. तो ढिगाऱ्यात जाऊन बाईंचा हात धरणारा आरोग्यमंत्री. त्याला निवडणूक होती, चेहरा होता, दाखवायला काही नव्हतं. मशिनं त्यानेच मागवली असं होऊ दे. उसनी नाहीत, मदत नाही, मंत्र्यांनी दूरदृष्टीने तातडीने आणवली. विमानतळावर त्यानेच उतरवून घ्यावीत, त्याच्याच हेलिकॉप्टरने डोंगरात पोचवावीत, हवा तेवढा मोठा स्वतःचा फोटो खोक्यांवर चिकटवावा.

कॉन्सुलसाहेब अजून खुर्चीवर होते. मी त्यांना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, हे राजधानीत दहा मिनिटांत मंजूर होईल." झालं नाही तसं. मंत्रीमहाशय प्रचारदौऱ्यावर होते, त्यांच्यापर्यंत निरोप पोचायला दोन दिवस गेले. पण उत्तर आलं ते हो आलं. अट एकच. मशीनवर, खोक्यावर, कागदावर दुसऱ्या कोणाचं नाव दिसता कामा नये.

प्रत्येक मशीनच्या बाजूला स्टीलची पट्टी होती, स्क्रूने बसवलेली. 'भाऊंच्या मातोश्रींच्या स्मरणार्थ.' मी भाऊंसमोर तोंड कडू करून बसले. पुन्हा ट्रस्टींची मीटिंग येणार म्हणून उत्तर तयार ठेवलं होतं. ते म्हणाले, "माझं नाव असतं तर काढलंच नसतं. आईचं आहे, ती नाही म्हणाली नसती." पुढे म्हणाले, "ती भांडुपला जायची डायलिसिसला, रिक्षाने. येताना उलट्या व्हायच्या. म्हणून हे सेंटर काढलं." मग आमच्याबरोबर कार्गो शेडमध्ये आले, शिर्केच्या हातातला स्क्रूड्रायव्हर घेतला आणि चारही पट्ट्या स्वतः काढून शर्टाच्या खिशात टाकल्या. या माणसाचा मला इतके दिवस जो स्वच्छ राग होता तो त्यानंतर नीटसा करता आला नाही. तो बॅनर लावला हे मात्र मी विसरले नाही.

नवव्या दिवशी सकाळी परवानगीचा कागद हातात आला. विमान सुटायचं होतं दुपारी. डॉक्टरचा नऊचा फोन येण्याची वाट न बघता मीच लावला. आवाजात आनंद आहे हे मला स्वतःला ऐकू येत होतं.

"डॉक्टर, झालं. चारही मशिनं आज निघतायत. शिर्के बरोबर आहे. उद्या दुपारपर्यंत तुमच्याकडे."

"चार?"

"हो, चारही. तुम्ही मागितली तेवढी."

मागे कोणीतरी बादली ओढत होतं त्याचा आवाज येत होता. "टीचर काल गेल्या, सिस्टर," तो म्हणाला. "बाकी चार आहेत. बरं झालं. आता कोणाला आधी लावू, कोणाला नंतर, असं बघायला नको. एकाला एक येईल."

मी फोन ठेवला आणि कागद घेऊन सहारला निघाले. ती चारही माणसं पुढे वाचली. शिर्केने तिकडून फोटो पाठवला, चौघं खाटेवर उठून बसलेली आणि मागच्या भिंतीवर मंत्र्यांचं हसरं पोस्टर. तो मी कोणाला दाखवला नाही.

महिन्याभराने संचालकांनी परिषदेसाठी एक पान मागितलं, ही मोहीम कशी यशस्वी झाली त्यावर. मी लिहून दिलं. कॉन्सुलचं सहकार्य, स्थानिक दात्यांचा पाठिंबा, दोन देशांमधला संवाद, सगळं आलं. शेवटी एक वाक्य लागतं, आकड्यांशिवाय पण ठोस. मी लिहिलं, 'पाठवलेली यंत्रे रुग्णसंख्येला पुरेशी ठरली.' संचालकांना ते फार आवडलं. त्यांनी ते ठळक अक्षरात केलं, परिषदेत वाचलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तिसऱ्या रांगेत बसले होते, मीही वाजवल्या. वाक्यात एक अक्षर खोटं नाही. मी तपासून बघितलंय.